दाढ काढल्यावर 'चूळ भरू नका' आणि 'तोंड स्वच्छ ठेवा', हे दोन्ही एकदम कसं जमवायचं?

कातरवेळ

खालची डावीकडची अक्कलदाढ काल दुपारी चारला काढली. हिरडीला थोडा छेद द्यावा लागला, दोन टाके आहेत. सूचनांच्या कागदावर एका ओळीत 'चोवीस तास चूळ भरू नये' आणि लगेच खालच्या ओळीत 'तोंडाची स्वच्छता राखावी' असं छापलंय. आता वीस तास होत आले. काही गोष्टी नीट कळून घ्यायच्या आहेत:

लाळ अजून फिकट गुलाबी येते, उशीच्या अभ्र्यावरही डाग होता. हे चालतं का? गालाची सूज काल रात्रीपेक्षा आज जास्त आहे. आरशात बॅटरी मारून पाहिलं तर खड्ड्यात काळपट लाल आणि कडेला पांढुरकं काहीतरी दिसतं, तो पू तर नाही? मीठपाणी कधीपासून, किती मीठ, किती दिवस? आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 दोन्ही लिहून दिल्यात; एकदम घ्यायच्या की आलटून पालटून? आणि ज्याची सगळे धास्ती घालतात तो ड्राय सॉकेट (खड्ड्यातली गुठळी जाऊन हाड उघडं पडणं) ओळखायचा कसा?

वय 34, बीपी-शुगर नाही, रक्त पातळ करणारं औषध नाही. सिगारेट आहे, दिवसाला चार-पाच.

निळी शाई

दोन्ही ओळी बरोबर आहेत, फक्त त्या कागदावर घड्याळ छापलेलं नसतं. पहिले चोवीस तास खड्ड्याला काहीही करायचं नाही. त्यानंतर दर खाण्यानंतर साफसफाई. लोक नेमकं याच्या उलट करतात: पहिल्या दिवशी रक्ताची चव जात नाही म्हणून खळखळून चुळा भरतात आणि चौथ्या दिवशी दुखेल म्हणून त्या बाजूला ब्रशही नेत नाहीत. पहिल्या चुकीने रक्ताची गुठळी जाते, दुसरीने खड्ड्यात अन्न कुजतं.

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात मुळांच्या आकाराचा खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं, आणि ती गुठळी हीच तुमची मलमपट्टी. त्या गुठळीतल्या धाग्यांना धरून खड्ड्याच्या भिंतींतून नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात. गुठळी अशी आतून धरली जायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ती नुसती बसलेली असते, रुजलेली नसते. म्हणून स्ट्रॉने पिणं, सिगारेटचा झुरका, जोरात थुंकणं आणि खड्डा जिभेने चोखत बसणं या चार वेगळ्या चुका नाहीत, एकच आहे: गाल आत ओढले जातात आणि ती ओढ थेट गुठळीवर येते. तोंडात लाळ साचली तर गिळा, किंवा बेसिनवर वाकून तोंड उघडा आणि आपोआप गळू द्या.

गुलाबी लाळ पहिले चोवीस तास, छेद दिला असेल तर थोडी अधिक वेळही, अगदी ठरलेली. थेंबभर रक्त चमचाभर लाळ रंगवतं, त्यामुळे दिसतं जास्त, असतं कमी. खरा रक्तस्राव म्हणजे लाळ नव्हे, दाट लाल रक्त. तोंड भरून येतं, गिळलं की दोन मिनिटांत पुन्हा भरतं. तसं झालं तर स्वच्छ गॉजची घडी घाला, साधारण अंगठ्याच्या पेराएवढी जाड, पाण्याने ओलसर करून पिळून घ्या (कोरडा गॉज गुठळीला चिकटतो आणि काढताना ती उचकटतो). घडी बरोबर खड्ड्यावर ठेवा, शेजारच्या दातांवर नाही, आणि ताठ बसून दात घट्ट आवळा. घड्याळ लावून 30 मिनिटं. मध्ये उघडून 'थांबलं का' बघायचं नाही. दर पाच मिनिटांनी बोळा बदलणारा माणूस प्रत्येक वेळी नवी गुठळी उपटत असतो. गॉज संपला असेल तर काळ्या चहाची पिशवी ओली करून, गार करून तशीच दाबून धरता येते, तिच्यातल्या टॅनिनने रक्त थांबायला मदत होते. असं दोनदा करूनही थांबलं नाही तर फोन करा, डॉक्टर मिळाले नाहीत तर सरळ दवाखाना गाठा.

भूल उतरताना दाढ काढल्यावर तीन-चार तासांनी रक्त थोडं वाढतं, याचं कारण साधं आहे. भुलीच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा ॲड्रेनॅलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळून धरतं. त्याचा जोर ओसरला की वाहिन्या पुन्हा सैलावतात. तुमचा तो टप्पा कालच होऊन गेला.

सूज आज वाढलेली असणारच. छेद देऊन काढलेल्या दाढेची सूज 48 ते 72 तासांत सगळ्यांत जास्त होते आणि मग उतरायला लागते. आज आणि उद्या सकाळपर्यंत बाहेरून गालावर बर्फ: फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं ठेवा, 15 मिनिटं काढा. थेट कातडीवर नको. परवापासून बर्फाचा उपयोग राहत नाही, तेव्हा कोमट शेक. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या, आडवं सपाट झोपलं की त्या बाजूला ठणका वाढतो. गालावरून मानेकडे पिवळट हिरवा डाग उतरला तर तो मार नव्हे, आतलं रक्त खाली झिरपतंय, आठवड्याभरात जातो.

ते पांढुरकं म्हणजे पू नाही. गुठळीवर फायब्रिनचा, म्हणजे तिच्यातल्याच धाग्यांचा, थर येतो, लाळेने भिजून पांढरा-पिवळसर दिसतो. तोंडातली खपलीच म्हणा. बाहेरची खपली कोरडी तपकिरी असते, इथली ओली पांढरी. पू असेल तर दाबल्यावर वाहतो, चव घाण लागते आणि दुखणं दिवसागणिक वाढतं. कापसाच्या काडीने तो थर खरवडणारे बरेच असतात, तेवढं करू नका. बॅटरी मारून दिवसातून एकदा बघितलं तरी पुरे.

मीठपाणी आज दुपारी चारनंतर. पेलाभर, म्हणजे 250 मिली कोमट पाण्यात अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. ते भरतं साधारण तीन ग्रॅम, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. शरीरातल्या द्रवाचा खारटपणा 0.9 टक्के असतो, त्याच्या जवळपास. जास्त मीठ म्हणजे जास्त औषध असं नाही, नुसती आग होते. पाणी मनगटावर ओतून चटका लागत नाही ना ते बघा. घोट घ्या, मान डावीकडे कलती करा, पाणी खड्ड्यावर 20-30 सेकंद नुसतं उभं राहू द्या, मग मान उजवीकडे, मग खाली वाकून तोंड उघडा. गाल फुगवून खळखळ नाही, पिचकारी मारून थुंकणं नाही. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, म्हणजे दिवसाला चार-पाच वेळा, एक आठवडा.

क्लोरहेक्सिडिनचं जंतुनाशक माउथवॉश लिहून दिलं असेल (बहुधा 0.2 टक्के) तर तेही आजच्या रात्रीपासून: 10 मिली, एक मिनिट, सकाळ-रात्र. टूथपेस्ट आणि ते यांत अर्धा तास अंतर ठेवा, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा प्रभाव मारला जातो. त्यानंतर लगेच पाण्याने तोंड धुऊ नका. ठरवून दिलेल्या दिवसांपलीकडे ओढू नका, दातांवर तपकिरी डाग येतात आणि चव जाते.

ब्रश काल रात्रीच बाकीच्या दातांवर चालला असता. आज करा, मऊ ब्रशने, खड्डा आणि त्याच्या शेजारचा दात सोडून. उद्यापासून शेजारचा दातही हळूच. पेस्ट थोडीच घ्या म्हणजे थुंकायची वेळ कमी येते.

सिगारेटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत धोक्याची ओळ तीच आहे. झुरक्याची ओढ आहेच, वर निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि खड्ड्याला रक्त कमी मिळतं. किमान 72 तास बंद, आठवडाभर बंद ठेवलीत तर उत्तम. 'हळूच ओढतो' हा मधला मार्ग नाही, कारण हळू ओढली तरी गाल आत जातातच. चघळायची तंबाखू हाही पर्याय नव्हे, ती चोथ्यासकट जखमेवरच बसते.

सहाण

गोळ्यांबद्दल, कारण वरच्या उत्तरात ते राहिलं.

दोन्ही एकत्र घेतलेल्या चालतात, दोघींची काम करायची जागा वेगळी आहे. एकत्र घेतल्यावर आराम एकेकटीपेक्षा चांगला मिळतो; दात काढल्यानंतरच्या दुखण्यावर हे भरपूर तपासलं गेलंय. निरोगी प्रौढासाठी: आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ, काहीतरी खाऊन, दिवसातून तीनदा. पॅरासिटामॉल 500 मिग्रॅच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत निदान सहा तास. पॅरासिटामॉलची 24 तासांतली कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या. वजन 50 किलोच्या आत असेल, दारू नेहमीची असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरीच कमी, ती डॉक्टरांनाच विचारा. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी.

फसगत इथे होते: बाजारात दुखण्याच्या कित्येक गोळ्या मिश्र असतात, एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि दुसरं काहीतरी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय वरून आणखी घेऊ नका.

पहिले दोन दिवस दुखायची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, मग लागेल तशा. भर ठणक्यात घेतलेल्या गोळीला चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, तो वेळ उगाच काढावा लागतो.

आयबुप्रोफेन कोणी टाळायची: पोटात अल्सर असलेले, मूत्रपिंडाचा त्रास असलेले, ॲस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो ते, रक्त पातळ करणारं औषध चालू असलेले, गरोदर बाई. त्यांनी आधी विचारावं.

आणि गोळी गिळायची असते. ॲस्पिरिन हिरडीवर दाबून ठेवण्याची युक्ती अजून ऐकू येते. ते आम्ल आहे, हिरडी पांढरी पडून भाजून निघते. मग एका जखमेच्या दोन होतात. लवंगेच्या तेलाचा बोळाही उघड्या खड्ड्यात कोंबू नका, निव्वळ तेल ताज्या जखमेला जाळतं.

चौथा कोपरा

ड्राय सॉकेटबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी, म्हणून थोडं सविस्तर.

आधी आकडे. साध्या दाढांत शंभरातल्या एक ते पाच जणांना होतो. खालच्या अक्कलदाढेत, विशेषतः कापून काढलेल्या, हे प्रमाण 25-30 पर्यंत गेल्याचं नोंदलेलं आहे. हे नाव 1896 पासून वापरात आहे. गर्भनिरोधक गोळ्या, सिगारेट, आधीचा संसर्ग, दाढ काढताना झालेली जास्त ओढाताण आणि पूर्वी एकदा होऊन गेलेला ड्राय सॉकेट, यांनी शक्यता वाढते.

होतं काय? गुठळी नेहमीच 'निसटते' असं नाही, पुष्कळदा ती विरघळते. शरीरात गुठळी विरघळवणारं प्लाझ्मिन नावाचं द्रव्य असतं. हाडाला इजा झाली किंवा जंतू वाढले की ते वेळेआधी चेतवलं जातं. म्हणजे सगळे नियम पाळूनही होऊ शकतो. रुग्णाला 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणून झापणं अन्यायाचं आहे. सिगारेटवाल्याला मात्र जरूर झापावं.

ओळख दिवसांच्या हिशेबाने होते. नेहमीचं दुखणं पहिल्या रात्री जास्त, मग रोज थोडं उतरतं. ड्राय सॉकेटचं उलट: एक-दोन दिवस बरं वाटतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान अचानक चढतं. खोल, हाडातून आल्यासारखा ठणका, कानात आणि कानशिलात जाणारा, गोळीला दाद न देणारा. तोंडाला वास, घाणेरडी चव. खड्ड्यात लाल-काळं काही न दिसता रिकामी, राखाडी-पांढरट भिंत दिसते, तिथे पाण्याचा थेंब लागला तरी कळ जाते. ताप नसतो, नवी सूज सहसा नसते, पूही नसतो. म्हणूनच त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तो संसर्ग नव्हेच, उघडं पडलेलं हाड आहे.

घरी त्यावर काही करू नका, दोन गोळ्या वाढवूनही तो दबत नाही. डॉक्टर कोमट सलाईनने खड्डा धुतात आणि आत युजेनॉल (लवंगेच्या तेलातलं द्रव्य) असलेली औषधी पट्टी हलकेच बसवतात. अर्ध्या-एक तासात माणसाचा चेहरा बदलतो. लागली तर पट्टी दोन-तीन दिवसांनी बदलतात. पट्टीने खड्डा भरून येत नाही, फक्त दुखणं थांबतं. तळापासून नवं मांस यायला सात ते दहा दिवस लागतातच.

संसर्गाचं चित्र वेगळं: चौथ्या-पाचव्या दिवसानंतर उतरलेली सूज पुन्हा चढते, कडक आणि गरम लागते, ताप 38 च्या वर जातो, पू येतो. आणि पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालय: थुंकी गिळता येत नाही, जिभेखालचा भाग वर उचलला गेलाय, आवाज घोगरा-जड झालाय, मानेपर्यंत सूज, श्वास अडतोय. जबड्याखालची सूज श्वासनलिका दाबू शकते.

पानगळ

इथेच विचारते. वरची मागची दाढ काढली तर हेच नियम का? आमच्या घरी आजोबांची काढायची आहे. त्यांना ॲस्पिरिन 75 चालू आहे आणि हाडं ठिसूळ म्हणून आठवड्याची एक गोळीही.

निळी शाई

पानगळ, हेच नियम आणि वर आणखी काही.

वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसच्या (नाकाशेजारच्या पोकळीच्या) तळाला टेकलेली असतात, मध्ये कधी कधी पापुद्र्याएवढंच हाड असतं. दाढेबरोबर तो पापुद्रा गेला तर तोंड आणि सायनस यांच्यात वाट पडते. खूण अशी: पाणी पिताना नाकातून येतं, किंवा खड्ड्यातून हवा फुसफुसते. तसं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा. लहान भोक गुठळी टिकली तर आपोआप बुजतं, मोठं टाके घालून बंद करावं लागतं. शंका असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, नुसतं पुसायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, नाक दाबून अडवली की सगळा दाब त्या पापुद्र्यावर जातो. आणि 'वाट पडली का' हे नाक दाबून हवा भरून तपासू नका. त्या तपासणीनेच ती पडते.

ॲस्पिरिन 75 स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एका दाढेचं रक्त दाबून, टाक्याने किंवा खड्ड्यात विरघळणारा स्पंज भरून थांबवता येतं. बंद केलेल्या गोळीमुळे हृदयात झालेली गुठळी तशी थांबवता येत नाही. दाढ शक्यतो सकाळच्या वेळी काढून घ्या म्हणजे रक्त झिरपलं तर दिवसाउजेडी कळतं. बोळा अर्ध्या तासाऐवजी तासभर धरायला सांगा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) असणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, ताजा, जमल्यास आदल्या 24 तासांतला करून न्यावा. एक धोका त्यांच्या लक्षातच येत नाही: दातासाठी लिहून दिलेलं मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक वॉरफरिनचा असर वाढवतं, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत हवीत.

आठवड्याची ती गोळी बहुधा ॲलेंड्रोनेट जातीची असेल. हे आधी सांगणं सगळ्यांत महत्त्वाचं. या औषधांनी हाडाची झीज थांबते, तशी डागडुजीही मंदावते, आणि क्वचित दाढेचा खड्डा भरतच नाही, हाड उघडं राहतं. आठवड्याच्या गोळीने हे फार कमी जणांना होतं. कर्करोगासाठी शिरेतून घेतलेल्या डोसांत किंवा जबड्याला रेडिएशन झालेलं असल्यास धोका बराच वाढतो. गोळी किती वर्षं चालू आहे ते लिहून न्या. काढल्यावर आठ आठवड्यांनीही उघडं हाड दिसत राहिलं तर ते 'हळूहळू भरेल' म्हणून सोडून द्यायचं नाही.

कातरवेळ

सगळ्यांचे आभार. आज पाचवा दिवस. ठणका जवळपास गेला, सिगारेट अजून बंद. आता वेगळ्या तक्रारी: तोंड दीड बोटच उघडतं. एका टाक्याचा धागा सुटून जिभेला लागतोय. खड्ड्यात अन्न अडकतं आणि मीठपाण्याने निघत नाही. आणि खालच्या ओठाचा डावा कोपरा व हनुवटी अजून बधिर आहे. भूल उतरली नाही असं कसं होईल?

सहाण

तोंड न उघडणं खालच्या अक्कलदाढेत नेहमीचं. जबडा मिटणाऱ्या स्नायूजवळून भुलीची सुई गेलेली असते, वर सूज, त्यामुळे तो आखडतो. मोठ्या माणसाची तीन बोटं उभी मावावीत, म्हणजे साधारण 40 मिमी. आता शेक द्या आणि व्यायाम सुरू करा: गालावर दहा मिनिटं कोमट ओला टॉवेल, मग तोंड कळ लागेपर्यंत उघडा, दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. अंगठा वरच्या दातांना आणि तर्जनी खालच्या दातांना कात्रीसारखी लावून हलकं रेटता येतं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून रोज एक वाढवणं ही मोजायची चांगली सोय आहे. दोन आठवड्यांत नीट उघडायला हवं. उघडणं कमीच होत चाललं किंवा ताप आला तर आत संसर्ग असू शकतो.

सुटलेला धागा ओढू नका, त्याचं दुसरं टोक अजून हिरडीत असेल. रेशमाचा काळा धागा असेल तर सातव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टर काढतात. विरघळणारा असेल तर जातीप्रमाणे एक ते तीन आठवड्यांत गळतो. फार टोचत असेल तर टोक कापून मिळतं, दोन मिनिटांचं काम.

चौथा कोपरा

अडकणाऱ्या अन्नासाठी आता पिचकारी. 10-12 मिलीची, वाकड्या बोथट टोकाची प्लास्टिकची सिरिंज मिळते, दातांच्या दवाखान्यात मागितली तरी देतात. डॉक्टरांना विचारून पाचव्या ते सातव्या दिवसापासून सुरू करायची, त्याआधी नाही. मीठपाणी भरा, टोक खड्ड्याच्या तोंडाशी आणा, आत खुपसू नका, आणि दट्ट्या हळू दाबा. पहिले दोन-तीन दिवस थोडं रक्त आणि कुजका वास येईल, तो जुन्या अन्नाचा असतो. पाणी स्वच्छ परत येईपर्यंत दोन-तीनदा, जेवणानंतर. खड्डा उथळ होऊन अन्न अडकेनासं झालं की थांबायचं. खालच्या अक्कलदाढेला त्यासाठी तीन-चार आठवडे लागतात. टूथपिक आणि टाचणी चुकूनही नको.

खाणं: उजव्या बाजूने, मऊ आणि कोमट. तीळ-खसखशीसारखे बारीक दाणे आणि कडक कुरकुरीत कपचे आणखी दोन आठवडे बंद, ते थेट तळाशी जाऊन बसतात.

पुढच्या काही आठवड्यांत हिरडीतून टोकदार काहीतरी जिभेला लागलं तर मूळ राहिलं असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा ती हाडाची कपची असते, काचेच्या तुकड्यासारखी बाहेर सरकते आणि पडते. दोन आठवड्यांत पडली नाही किंवा दुखू लागली तर काढून घ्या. वरून हिरडी महिन्याभरात बुजलेली दिसते, पण आत हाड भरायला चार ते सहा महिने लागतात.

निळी शाई

बधिरपणाचं मी घेतो, कारण ते उद्यावर टाकायचं नाही. खालच्या ओठाची भूल तीन ते पाच तासांत उतरते. पाच दिवसांनी उरलेला बधिरपणा भुलीचा नसून मज्जातंतूचा आहे. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते, अक्कलदाढेची मुळं कधी तिला अगदी खेटून असतात. ती दबली किंवा ताणली गेली की असं होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येतं, कायमचं क्वचितच राहतं. तरीही आज फोन करून कळवा, नोंद व्हायला हवी. मुळाचा तुकडा नसेवर दाबत असेल तर तो लवकर कळणं फायद्याचं.

तोवर एक काम करा. कापसाचं टोक ओठावरून हनुवटीकडे फिरवत न्या, जिथे स्पर्श कळेनासा होतो तिथे पेनने ठिपका द्या. सगळीकडून असे ठिपके देऊन जोडले की बधिर भागाचा नकाशा तयार होतो. तारखेसकट फोटो काढा आणि दर आठवड्याला तेच. नकाशा आकसत असेल, किंवा तिथे मुंग्या आल्यासारखं, सुया टोचल्यासारखं वाटू लागलं, तर नस जागी होतेय. महिनाभर रेष जिथल्या तिथे राहिली तर मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवायला सांगा. आणि गरम काही पिताना पहिला घोट उजव्या कोपऱ्याने घ्या. बधिर ओठाला चटका बसलेला कळत नाही, नंतर फोड दिसतो.